पडद्यावरचे नाव मीच लिहिलेले होते

घरच्या दूरध्वनीवरून माझी जी फसवणूक झाली तिचा तपशील मी येथे क्रमाने लिहीत आहे, कारण ज्यांना ही हकीकत तोंडी सांगितली त्यांच्यापैकी बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला, की ‘तुम्ही स्वतः बँकेला उलट फोन केला होता, मग फसलात कसे?’ होय, केला होता. निदान माझ्या हँडसेटचे तसे म्हणणे आजही आहे.

जुना तारेचा फोन चांगला चालत असताना मी कॉर्डलेस घेतला तो दोन कारणांसाठी. एक म्हणजे फोनपर्यंत पोहोचेतो घंटी थांबत असे, आणि दुसरे म्हणजे नको त्या माणसांचे फोन नुसता क्रमांक पाहून टाळता यावेत अशी इच्छा होती. घेताना मी पुष्कळ चौकशी केली होती. जुन्या ॲनालॉग कॉर्डलेसवरचे बोलणे साध्या स्कॅनरवर कोणालाही ऐकू येत असे, हे माहीत असल्यामुळे मी मुद्दाम डिजिटल, म्हणजे डेक्ट पद्धतीचा आणि बोलणे सांकेतिक करून पाठवणारा संच निवडला. हवेतून कोणी ऐकू नये याची एवढी काळजी घेतलेल्या माणसाच्या घरात चोर तारेवरून शिरला, हे आता आठवले की स्वतःचेच हसू येते.

जोडणी अवघड नव्हती. हँडसेटमध्ये १.२ व्होल्टचे दोन रिचार्जेबल सेल बसवायचे, पहिल्या वेळी तो सोळा तास बेसवर, म्हणजे लाइनला जोडलेल्या बैठकीवर, ठेवायचा आणि मगच वापरायला घ्यायचा, एवढेच काम होते. बेसला घरातली वीज लागते आणि वीज गेली की कॉर्डलेस मुका होतो, म्हणून तारेचा जुना फोन मी काढून न टाकता त्याच लाइनवर समांतर जोडून आतल्या खोलीत ठेवला. त्याला लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच येते. या जुन्या फोनचा संबंध पुढे येणार आहे.

फोन करणाऱ्याचा क्रमांक दाखवणाऱ्या कॉलर आयडीने मात्र दोन दिवस दमवले. फोन वाजे, बोलणे होई, पण पडदा कोराच राही. कंपनीकडे सेवा सुरू करून घेतलेली होती, तरीही. शेवटी माहितीपुस्तिकेत उलगडा झाला, की क्रमांक पाठवण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. काही एक्स्चेंज घंटी वाजण्याआधीच क्रमांक कीपॅडच्या सुरांच्या रूपात पाठवतात, तर काही पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या शांततेत सेकंदाला १२०० बिट या वेगाने एक छोटा संदेश धाडतात. माझा संच पहिल्या पद्धतीवर लावलेला होता आणि आमचे एक्स्चेंज दुसऱ्या पद्धतीचे होते. मेनूमध्ये तेवढा बदल केल्यावर पुढच्याच फोनला क्रमांक उमटला, आणि गंमत म्हणजे हँडसेटवरचे चुकीचे घड्याळही आपोआप बरोबर झाले, कारण त्या संदेशात तारीख आणि वेळही येते. पहिल्याच घंटीला फोन उचलला तर संदेश यायला अवसरच मिळत नाही, म्हणून ‘दोन घंट्या वाजू द्या’ अशी शिस्त मी घरात लावली. घड्याळ अचूक लावून देणारे एक्स्चेंज क्रमांकही पारखूनच देत असणार, अशी माझी समजूत त्या दिवशी झाली. ती सपशेल चुकीची होती.

त्यानंतर मी फोनबुक भरायला बसलो. त्यात नाव लिहिण्याची कसरत ज्यांनी केली आहे त्यांना ती ठाऊक असेल. ‘बँक’ हा एवढासा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना दोनचे बटण दोनदा दाबले की बी येतो, पण ए हे अक्षरही त्याच बटणावर असल्यामुळे कर्सर पुढे सरकेपर्यंत हात आवरून धरावा लागतो, नाहीतर बीचा सी होतो. तसा तो दोनदा झाला. अखेरीस नाव नीट बसले, त्यासमोर मी कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा क्रमांक घातला, आणि त्या नावाला एक वेगळी धूनही लावून ठेवली. तो क्रमांक लाखो कार्डांच्या मागे छापलेला असतो, तो कोणालाही माहीत असू शकतो, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी फोन वाजला. पहिली घंटी नेहमीची होती आणि दुसऱ्या घंटीपासून बँकेची धून सुरू झाली. पडद्यावर मी कष्टाने लिहिलेले नाव होते. पलीकडच्या गृहस्थाने अत्यंत अदबीने सांगितले, की माझ्या कार्डावरून नुकतेच दोन व्यवहार करण्याचा प्रयत्न झाला आहे आणि ते माझे आहेत का याची त्यांना खात्री करायची आहे. मी नाही म्हणालो. त्यावर त्याने माझ्याकडे काहीही मागितले नाही, आणि येथेच त्याची हुशारी होती. तो म्हणाला, “सर, आजकाल फोनवर कोणावरही विश्वास ठेवू नये. आपण हा फोन ठेवा, कार्ड उलटे करा आणि मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. तिथे आमच्या सहकारी आपली तक्रार नोंदवून घेतील.” लबाड माणूस ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका’ असे कशाला सांगेल, या विचाराने माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

मी लाल बटण दाबले, पाकिटातून कार्ड काढले, चष्मा लावला आणि त्यावरचा क्रमांक एकेक आकडा पाहून हँडसेटवर टाइप केला. कॉर्डलेसवर आपण सगळेच असे करतो, की आधी पूर्ण क्रमांक पडद्यावर घ्यायचा, तो तपासायचा आणि मग हिरवे बटण दाबायचे. तारेच्या फोनवर रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकल्याशिवाय पहिला आकडा दाबण्याची कोणाला सवय नव्हती. येथे तो टोन ऐकायची गरजच उरत नाही, कारण हिरवे बटण दाबले की यंत्र लाइन घेते आणि क्षणभर थांबून सगळे आकडे भराभर पाठवून देते. तसे ते गेले, पलीकडे घंटी वाजल्याचा आवाज आला, पडद्यावर बोलण्याची वेळ शून्यापासून मोजली जाऊ लागली आणि एका बाईंनी बँकेचे नाव घेऊन नमस्कार केला.

बाईंनी कार्डाचा क्रमांक विचारला, तो मी दिला. आता तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, असे त्या म्हणाल्या आणि लगेच दटावल्यासारखे पुढे बोलल्या, की “तो मला सांगू नका हं. कोणालाच सांगायचा नसतो. फक्त फोनच्या कीपॅडवर दाबा, तो थेट आमच्या संगणकात जाईल.” मोबाइलवर आलेल्या संदेशातही ओटीपी कोणालाही सांगू नये असेच लिहिलेले होते. मी तो कोणालाही सांगितला नाही. मी तो दाबला. एका कानाशी हँडसेट, दुसऱ्या हातात मोबाइल अशा अवस्थेत संदेशातले सहा आकडे मी तेवढे वाचले, आणि तो ओटीपी कशासाठी आहे हे त्याच ओळीत लिहिलेले असूनही नजरेआड झाले. कीपॅडचे प्रत्येक बटण ठरावीक दोन कंप्रतांचे सूर एकत्र पाठवते, उदाहरणार्थ पाचसाठी ७७० आणि १३३६ हर्ट्झ, आणि ते सूर ओळखून आकडा दाखवणारे साधन अगदी किरकोळ असते. म्हणजे आकडा दाबणे आणि मोठ्याने उच्चारणे यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. दुसरा ओटीपी आला, तोही मी दाबला. बाईंनी आभार मानले आणि सुरक्षिततेसाठी तासभर कार्ड वापरू नका, असे बजावून फोन ठेवला.

खात्यातून रक्कम गेल्याचे संदेश त्या तासाच्या आतच आले. मी मोबाइलवरून बँकेला फोन लावला, तेव्हा तिकडच्या माणसाने आमच्याकडून आपल्याला कोणीही फोन केलेला नाही आणि आपला फोनही आमच्याकडे आलेला नाही, असे शांतपणे सांगितले. कार्ड बंद झाले, लेखी तक्रार झाली, पोलिसांकडेही नोंद झाली. त्या धावपळीचे वर्णन करत नाही. ज्या कोणावर हा प्रसंग येईल त्याने ही कामे लगोलग करावीत, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाऊन तिथूनही पांगायला वेळ लागत नाही.

मला खरा धक्का बसला तो नंतर, फोन कंपनीकडून त्या संध्याकाळच्या नोंदी मिळाल्यावर. माझ्या हँडसेटच्या रिडायल यादीत सर्वांत वर बँकेचा क्रमांक होता, कारण तो मी टाइप करून पाठवला होता. कंपनीच्या नोंदीत मात्र माझ्या लाइनवरून त्या वेळी बाहेर एकही फोन गेलेला नव्हता. तिथे फक्त एक आलेला फोन होता आणि तो अखंड सव्वीस मिनिटे चाललेला होता. मी लाल बटण दाबले, कार्ड शोधले, चष्मा लावला, पुन्हा क्रमांक फिरवला, ती सगळी मिनिटे त्याच एका फोनमध्ये जमा होती.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. लँडलाइनवर बोलणे संपवण्याचा मुख्य अधिकार फोन करणाऱ्याकडे असतो. ज्याला फोन आला आहे त्याने ठेवला, तर अनेक एक्स्चेंज लगेच लाइन तोडत नाहीत, काही काळ वाट पाहतात. घरातल्या माणसाला एका खोलीत फोन ठेवून दुसऱ्या खोलीत उचलता यावा, ही त्यामागची मूळ सोय. फसवणारा आपला फोन ठेवतच नाही, आणि आपण पुन्हा उचलतो तेव्हा त्याच्याच कानात जातो. आपण दाबलेल्या आकड्यांवरून एक्स्चेंज नवा फोन लावत नाही, ते त्याला नुसते सूर म्हणून ऐकू येतात. तो घंटीचा आवाज लावतो आणि शेजारच्या बाईंच्या हाती फोन देतो. पडद्यावर शून्यापासून धावणारी वेळ हँडसेटची स्वतःची असते. हिरवे बटण केव्हा दाबले एवढेच त्याला कळते, पलीकडे कोण आहे याचा त्याला पत्ताही नसतो. ब्रिटनमध्ये ही लबाडी इतकी बोकाळली होती, की वाट पाहण्याचा हा अवधी तिथल्या कंपन्यांना काही सेकंदांवर आणावा लागला.

त्या नोंदीचा कागद मी घरी वाचत असताना माझी पत्नी म्हणाली, “अहो, त्या दिवशी मी आतला फोन उचलला होता. बहिणीला करायचा होता. तर डायल टोनच नव्हता, आत कुठेतरी खूप माणसे बोलत असल्यासारखा आवाज येत होता. म्हटले तुम्ही बोलताय, म्हणून ठेवून दिला.” मी तेव्हा बोलत नव्हतो. मी कार्ड उलटे करून चष्मा शोधत होतो. तिने ऐकली ती त्या टोळीची खोली होती, आणि आम्ही फोन ठेवल्याचे समजत असताना ती आमच्या घरात उघडीच होती. तिने तेव्हाच हाक मारली असती तर, असे माझ्या मनात येऊन गेले खरे, पण मीही तिच्या जागी फोन मुकाट ठेवूनच दिला असता.

आता पहिल्या फोनच्या वेळी पडद्यावर दिसलेल्या बँकेच्या नावाविषयी. क्रमांक एक्स्चेंज पारखून देते ही माझी समजूत का चुकली, ते नंतर कळले. मोठ्या कार्यालयातून कोणीही फोन केला तरी समोरच्याला कार्यालयाचा मुख्य क्रमांक दिसावा, यासाठी फोन करणाऱ्याच्या यंत्रणेला क्रमांक स्वतः भरण्याची मुभा दिली गेली. इंटरनेटवरून फोन करणे स्वस्त झाल्यावर तीच मुभा कोणाच्याही हाती आली, आणि मधल्या कंपन्या आलेला क्रमांक तसाच पुढे ढकलत राहिल्या. फसवण्याच्या हेतूने खोटा क्रमांक दाखवण्याला बंदी करणारा अमेरिकेतला कायदा २००९च्या नावाने ओळखला जातो, आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१पर्यंत आपल्या आयपी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या, जाळ्यावरच्या फोनला क्रमांकाची खातरजमा करणारी डिजिटल स्वाक्षरी जोडण्याची व्यवस्था करावी लागली. पण जुन्या तांब्याच्या तारेवरच्या माझ्या संचाला जो छोटासा संदेश मिळतो त्यात क्रमांक असतो, वेळ असते, कुठे कुठे नावही असते, पण स्वाक्षरीसाठी जागा नसते. हँडसेट त्या आकड्यांची फोनबुकातल्या आकड्यांशी तुलना करतो आणि जुळले की मालकाने लिहिलेले नाव दाखवतो. त्या संध्याकाळी पडद्यावर बँक नव्हती, माझेच टायपिंग मला परत दिसत होते.

कॉर्डलेस अजून घरात आहे, कारण यंत्राचा यात दोष नाही. फोनबुकातली बँकेची नोंद मी पुसली आणि तिची धूनही काढली. पैशांविषयीचा कोणताही फोन आला, तर उलट चौकशी मी मोबाइलवरूनच करतो. मोबाइल हाताशी नसेल, तर आधी याच लँडलाइनवरून एखाद्या ओळखीच्या घरी फोन लावून माझ्या माणसाचा आवाज ऐकतो आणि मगच बँकेचा क्रमांक फिरवतो, कारण लाइन कोणी धरून ठेवलेली असेल तर ओळखीचा आवाज येणार नाही. तारेच्या फोनवर रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकावा आणि पहिला आकडा दाबताच तो तुटतो का हे पाहावे, असेही सांगतात. पण टोनही वाजवून दाखवता येतो, म्हणून मी एकट्या त्या खुणेवर विसंबत नाही.

मागच्या आठवड्यात तोच क्रमांक पुन्हा पडद्यावर आला, या वेळी नावाशिवाय. मी वाजू दिला. सहा घंट्या होऊन तो थांबला. मोबाइलवरून बँकेला फोन केला तेव्हा कळले, की तो खरोखरच त्यांचा होता, माझ्या तक्रारीच्या अर्जावरची एक सही राहिली होती. “आम्ही आत्ताच फोन केला होता, आपण उचलला नाही,” असे तिकडचे अधिकारी काहीशा नाराजीने म्हणाले. मी होय म्हटले आणि सही करायला केव्हा येऊ ते विचारून घेतले.