सोड्याच्या जुन्या बाटल्या आणि यूएसबी मायक्रोस्कोप: सात महिन्यांनंतर

जुन्या सोडा-बाटल्यांवरची उठावाची अक्षरं वाचायला आणि बाटली खरंच जुनी आहे का ते तपासायला सात महिने माझ्याकडे संगणकाला केबलने जोडायचा छोटा मायक्रोस्कोप आहे. २ मेगापिक्सेल, ८ एलईडी दिवे आणि खोक्यावर छापलेलं ‘१०००एक्स’, म्हणजे हजार पट मोठं दिसण्याचा दावा. बाटलीच्या कामाला २०-३० पट पुरतं, बाकी आकडा खोक्याच्या शोभेला. हे लिहायला निमित्त केबलचं. पाचव्या महिन्यात ती मुळाशी तुटली. यंत्राचा विक्रेता म्हणतो, केबल वॉरंटीत येत नाही. जी केबल यंत्रातून वेगळी निघतच नाही, ती वॉरंटीबाहेर कशी? पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत दीडशे रुपयांत काम झालं: मागचं झाकण उघडायचं, लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा चार तारा परत डागायच्या आणि मुळाशी गरम गोंदाचा थेंब टाकायचा. नवीन घेतलात तर हा थेंब पहिल्याच दिवशी टाका.

पण खरी खोट प्रकाशात आहे. एलईडीची कडी भिंगाभोवती गोल आहे, म्हणजे उजेड सरळ समोरून पडतो. उठावाची अक्षरं दिसतात ती सावलीमुळे. समोरून उजेड आला की सावली गेली आणि अक्षरही गेलं. बाटलीवरच्या ‘पूना’ची एरवी धड दिसणारी अक्षरंसुद्धा पडद्यावर हिरवट धुकं होतात. उपाय एकच: चाक फिरवून एलईडी पूर्ण बंद करायचे, खोलीत अंधार करायचा आणि टेबललॅम्प बाटलीला जवळजवळ चिकटवून बाजूने, १०-१५ अंशांत धरायचा. बाटलीच्या आत काळ्या कागदाची सुरळी सरकवायची, नाहीतर मागच्या बाजूची अक्षरं पुढच्यांत मिसळतात. एवढा खटाटोप करायचा, तर यंत्रातल्या दिव्यांचे पैसे कशाला मोजायचे?

अक्षरं वाचायला बटर पेपर आणि ६बी (मऊ, गडद) पेन्सिल वापरून कागदावर ठसा घेणं यंत्रापेक्षा सरस आहे, आणि खर्च दहा-वीस रुपये. बाटली धुऊन पूर्ण वाळवा. ओल राहिली की कागद सुरकुततो. कागद ताणून दोन्ही कडांना टेप लावा. पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने एकाच दिशेने घासा. टोकाने घासलंत तर कागद अक्षराच्या कडेवर फाटतो. मुळात असलेलं नाव भरून त्याच साच्यावर दुसरं कोरलेलं असेल, तर खालच्या नावाची पुसट भुतं या ठशातच उमटतात.

एवढी काटेकोरी लागते, कारण इतिहास एका अक्षरावर फिरतो. ‘अँड सन’ आणि ‘अँड सन्स’ या व्यापाऱ्यांच्या जुन्या डिरेक्टरीत दोन वेगळ्या नोंदी असू शकतात. बाटलीवरच्या आरडी (Rd) नंबरचंही तसंच. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या डिझाइनचे हे क्रमांक १८८४ साली १ पासून सुरू झाले, १८८५ ची सुरुवात १९७५४ ने झाली आणि १८९० ची १४१२७३ ने. १ चा ४ वाचलात तर वर्षंच्या वर्षं चुकतात. शिवाय ते साल डिझाइन नोंदवल्याचं. बाटली त्यानंतर कधीचीही असू शकते.

पोटावरचं नाव सोडा भरणाऱ्याचं, बुडाजवळचं बहुधा काच ओतणाऱ्याचं. खाली ‘डॅन रायलंड्स, बार्न्सली’ दिसलं म्हणून त्या नावाचं दुकान पुण्याच्या कॅम्पात शोधू नका. तो इंग्लंडातला काचवाला. ‘पूना’ हे स्पेलिंगही साल सांगत नाही, स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं ते चाललं. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, म्हणजे त्याआधीची बाटली तिथली असूच शकत नाही, हे लक्षात ठेवलं की बाटल्या विकणाऱ्याच्या निम्म्या कथा आपोआप गळतात.

इथवर वाचून यंत्र घेऊ नका असंच वाटेल. दोन महिन्यांपूर्वी मीही तेच लिहिलं असतं. पण बूड तपासायला लागल्यापासून मत बदललं. गोटीच्या बाटलीचं, इंग्रज हायरम कॉडचं पेटंट १८७२ चं, पण तशा बाटल्या आपल्याकडे आजही नव्या बनतात आणि जुन्या बाजारात ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून मांडल्या जातात. खरी झीज फक्त टेकणाऱ्या कडेवर असते, ओरखडे लहान-मोठे आणि वाटेल त्या दिशांचे. पॉलिश पेपरने केलेली ‘झीज’ समांतर रेघांची आणि खोलगट भागातही पोचलेली. साध्या १०एक्स भिंगातून हा फरक ताडावा लागतो, पडद्यावर तो सरळ दिसतो. गंमत म्हणजे इथे त्याच एलईडी कामाला येतात, कारण काच सपाट आहे आणि सावलीची गरज नाही.

क्राउन झाकणाच्या (ओपनरने उघडायच्या पत्र्याच्या झाकणाच्या) बाटल्यांवर साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथली उभी रेघ, बघा. ओठाच्या खालीच विरली तर ओठ हाताने घडवलेला, ओठावरून पार गेली तर यंत्राची बाटली. आपोआप बाटल्या बनवणारं ओवेन्स यंत्र १९०३ चं. त्याची खूण म्हणजे बुडावरचा गोल, पिसासारख्या कडेचा व्रण. तो मात्र नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

प्रत्येक फोटोत मिलिमीटरची स्टीलपट्टी ठेवा. सॉफ्टवेअर दाखवतं ती मापं फोकस हलला की खोटी ठरतात.

स्टँड हलतो. तळाशी जुन्या फरशीचा तुकडा चिकटवला की थांबतो.