नवे म्हणून विकलेले एटीव्हीचे जुने टायर: बिलावर 4011 आहे की 4012, ते आधी बघा

एटीव्हीला (जाड चाकांची, शेतात-डोंगरात चालणारी चारचाकी मोटरसायकल) टायर घ्यायचे असतील आणि दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून ‘नवीन पीस आहे भाऊ’ म्हणत असेल, तर पैसे पाठवण्याआधी बिलाचा फोटो मागा. त्यावर एचएसएनचा, म्हणजे मालाचा प्रकार सांगणाऱ्या जीएसटीच्या आकड्याचा, रकाना असतो. नव्या टायरचा आकडा 4011, रीट्रेड केलेल्या (जुन्यावर नवं रबर चढवलेल्या) किंवा वापरलेल्या टायरचा 4012. आम्हाला बिल मिळालं ते पैसे गेल्यावर, आणि त्यावर 4012 होतं.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. आंब्याची कलमं वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घर आणि माडांचं आगर खाली समुद्राला लागून, मधे वळसे घेत चढणारी लाल मातीची बैलगाडीची वाट. फवारणीचा पंप, खताच्या गोण्या, आंब्याच्या दिवसांत क्रेट, हे सगळं वरखाली करायला आम्ही जुनी फोर बाय फोर एटीव्ही घेतली. तिची नोंदणी होत नाही, त्यामुळे डांबरी रस्ता वर्ज्य. आपल्या जमिनीत मात्र कामाला वाघ आहे. अडचण टायरची. आगरात भुसभुशीत वाळू, वाटेवर पावसात चिकट चिखल, आणि वर जांभ्याचा कातळ, जो रबर किसणीसारखा खातो.

चिखलाच्या टायरची बटणं (जमीन धरणारे रबराचे उंचवटे) उंच आणि लांबलांब असतात, म्हणजे फिरताना चिखल झटकला जातो. पण तेच टायर वाळूत जरा जास्त रेस दिली की खाली खणत जातात आणि गाडी पोटावर बसते. वाळूसाठीचे पॅडल टायर कातळावर काही कामाचे नाहीत. आमच्यासारख्याला मधल्या उंचीची, जवळजवळ बसवलेली बटणं आणि जाड बाजू असलेला ऑल-टेरेन टायर लागतो, आणि बाकीचं काम हवा कमीजास्त करून भागवावं लागतं. सगळीकडे सारखाच चालणारा टायर नसतो. आमच्या दुकानदाराकडे तो होता!

हायवेवरचं दुकान. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. ‘मिक्स टायर आहे शेठ. वाळू, चिखल, दगड, काय पण घाला. सिक्स प्लाय. बाहेरचा माल.’ प्लाय म्हणजे टायरला ताकद देणारे आतले दोऱ्याचे थर. पुढचे 25×8-12, मागचे 25×10-12, म्हणजे चारही टायर 25 इंच उंचीचे, पुढे 8 आणि मागे 10 इंच रुंद, 12 इंची रिमवर बसणारे. माप बरोबर सांगितलं. किंमत नव्या टायरपेक्षा थोडीच कमी, संशय यावा इतकी नाही. ही माणसं यातच हुशार असतात; अर्ध्या किमतीत दिला असता तर कोणीही विचारलं असतं. वर ‘रिम पाठवून द्या, मी बसवूनच देतो, तुमचा त्रास वाचेल’. आम्ही रिम टेम्पोने पाठवल्या.

बसवून देण्याचा आग्रह का होता, ते नंतर कळलं. टायर कधी बनला ते त्याच्या बाजूवर चार आकड्यांत लिहिलेलं असतं: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याच टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात. आमच्या चारही चाकांवर ती बाजू आत, गाडीकडे वळवून बसवलेली होती. बाहेरची बाजू काळीभोर, चकाचक. गाडीखाली झोपून आतली बाजू कोण बघतो?

आंबा सुरू झाला आणि पहिल्याच भरल्या फेऱ्यांत मागचं डावं चाक बसायला लागलं. सकाळी हवा भरावी, दुपारी नरम. मग उतारावर ते एकदम बसलं, गाडी कलंडता कलंडता राहिली आणि वरचे दोन क्रेट वाटेवर सांडले. डागी हापूसला पेटीत जागा नाही, तो नुकसानीचा हिशेब वेगळाच.

पंक्चरवाल्याने चाक खोललं आणि आधी हसला. ‘काका, ट्यूबलेस टायरात ट्यूब कोणी टाकली?’ आत ट्यूब होती आणि तिला आधीच एक ठिगळ होतं. टायरची कड रिमवर धरत नव्हती, म्हणून ट्यूब कोंबलेली. मग त्याने ओलं फडकं बटणांवरून फिरवलं. फडकं काळं झालं आणि पॉलिशखालून बाजूवरच्या बारीक भेगा दिसायला लागल्या. बटणांमधली एक खाच बोटाने फाकवून तो म्हणाला, ‘हे बघा. दोरा.’ खाचेच्या तळाशी पांढरट दोरा दिसत होता. जुना गुळगुळीत टायर घ्यायचा, तापलेल्या पात्याने खाचा खोल करायच्या, म्हणजे बटणं उंच दिसतात. पण रबर वरून वाढलेलं नसतं, खालून कमी झालेलं असतं. कातळाचा एक कोपरा किंवा कुंपणाचा काटा पुरतो. आतल्या बाजूला प्लायचा आणि तारखेचा मजकूर ग्राइंडरने घासलेला होता. एका टायरवर राहून गेला होता, त्यावरून तो आठ वर्षांहून जुना निघाला.

रबराचे बारीक केस बघून टायर नवा ओळखायचा, असं सगळे सांगतात. त्यावर विसंबू नका. रिमोल्ड टायरही (जुन्यावर नवं रबर चढवलेला) साच्यातूनच निघतो, त्यालाही केस असतात. त्याऐवजी खांद्याजवळ नवं आणि जुनं रबर जुळल्याची रेघ चाचपडून बघा. आणि सुतळी घ्या. चारही टायरांचा घेर मोजा, हवा सारखी भरून. आमच्या मागच्या दोन चाकांतच बोटभर फरक निघाला. फोर बाय फोर लावून कातळावर चालवताना गाडी अडखळत का होती, ते तेव्हा समजलं. चाकं सारखी फिरली नाहीत तर त्याचा ताण गिअर आणि शाफ्टवर जातो. बाजूवर माप छापलं आहे म्हणून ते खरं धरू नका.

हवेचंही तसंच. एटीव्हीच्या टायरला साधारण 4 ते 7 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पेट्रोलपंपावरच्या गेजला एवढी कमी हवा नीट वाचता येत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं. दुकानदाराने आम्हाला 20 भरायला सांगितलं होतं. का, ते आता उघड आहे: तेवढ्या हवेत सैल कडही रिमला चिकटून राहते.

फोन केला तर म्हणाला, ‘बिलात लिहिलंय ना, 4012. जुना माल म्हणूनच दिला.’ म्हणजे बिल करताना त्याने स्वतःची बाजू राखून ठेवली होती. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवीन पीस’ लिहिलेलं आहे आणि यूपीआयची नोंदही आहे. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तो म्हणाला की टायर धंद्यासाठी घेतले, त्यामुळे आम्ही ग्राहकच नाही. याला घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्याची धरत नाहीत. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आमचा अर्ज आता रत्नागिरीला जातोय. ते चार टायर भंगारात दिलेले नाहीत, पंक्चरवाल्याकडून लिहून घेतलं आहे, आणि चाक खोलतानाचे फोटो आहेत. तुमच्यावर वेळ आली तर चाक खोलण्याआधी मोबाइल सुरू करा, ट्यूब बाहेर पडताना दिसली पाहिजे.

दुकान चालूच आहे. परवा दापोलीकडच्या आमच्या एका भावकीतल्याला तेच फोटो आले, तीच वाक्यं. त्याने आधी बिलाचा आणि दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा फोटो मागितला, तर उत्तर आलं, ‘माल संपला शेठ.’