५० पिल्लांची प्लायवुडची ब्रूडर पेटी: बँटमसाठी कितपत?

ब्रूडर म्हणजे कोंबडीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना आईविना ऊब देणारी पेटी. पुण्यात पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या या पेट्या बहुतेक एकाच साच्यातल्या. दोन बाय तीन फूट, प्लायवुडच्या भिंती, वर झाकण, तळाला अर्धा इंची जाळी, तिच्याखाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे, आत ६० वॅटचे दोन बल्ब आणि बाहेरून लाल आकड्यांचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारं यंत्र. गावरान किंवा ब्रॉयलर पिल्लांना ती चालून जाते. सिल्की, सेरामा, कोचीन बँटम अशा बँटम, म्हणजे बुटक्या कोंबड्यांच्या जातींसाठी मात्र आणली तशीच वापरली, तर पहिल्या आठवड्यातच मरतूक सुरू होते आणि खापर पिल्लं विकणाऱ्यावर फुटतं.

सगळा प्रश्न आकाराचा आहे. ब्रॉयलरचं पिल्लू ४० ग्रॅमच्या आसपास, बँटमचं साधारण त्याच्या निम्मं, सेरामाचं त्याहूनही कमी. एवढासा जीव पटकन गार पडतो आणि तितक्याच पटकन तापतोही.

सगळ्यात मोठी खोट थर्मोस्टॅटच्या सेन्सरची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकाची. तो झाकणाखाली, बल्बशेजारी लोंबत असतो. वरची हवा तापली की आकडा ३५ दाखवतो, बल्ब बंद होतो आणि तळाशी पिल्लं कुडकुडत राहतात. वायर खाली ओढून सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तळापासून दोन इंचांवर, बल्बच्या उजेडाच्या कडेला पक्का बांधावा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. चालू-बंद होण्यातला फरक बहुधा २ अंशांवर लावलेला येतो, तो सेटिंगमध्ये जाऊन १ वर आणावा. दोन्ही बल्ब एकाच बाजूला घेऊन दुसरी बाजू थंड ठेवा. तापलेल्या पिल्लाला पळायला जागा हवी. आणि आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग केला तर थंडी, चोची उघड्या ठेवून कोपऱ्यांत गेली तर उष्णता, सगळी एकाच बाजूला सरकली तर कुठून तरी झोत येतोय.

दुसरी खोट सहसा कुणी सांगत नाही. इथे ऊब आणि उजेड दोन्ही एकाच बल्बकडून मिळतात. रात्री थर्मोस्टॅटने बल्ब बंद केला की गुडूप अंधार होतो, पिल्लं घाबरून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी चपटी झालेली दोन-तीन पिल्लं मिळाली की लोक रोग शोधायला लागतात! उपाय स्वस्त आहे: एक झिरोचा बल्ब वेगळ्या वायरवर, थर्मोस्टॅटला न जोडता, कायम चालू ठेवा. ऊबेसाठी उजेड न देता तापणारा सिरॅमिक हीटर घेतला तर उत्तम, पण होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. एलईडी बल्बने ऊब मिळत नाही, हे दुकानदारालाही सांगावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो, पाषाणकडे आणखी गारठा. गॅलरीत ठेवलेल्या पेटीला तीन बाजूंनी गोणपाट लावा, पण झाकण बंदिस्त करू नका. अमोनियाचा वास कोंडला की डोळे आणि श्वास दोन्ही बिघडतात. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवावी.

जाळीच्या तळाची जमेची बाजू मान्य करायला हवी. विष्ठा खाली पडते, त्यामुळे रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, कमी होते. पण अर्धा इंचात बँटमचे पाय अडकून मुरगळतात. वर पाव इंची जाळी टाका. पहिले चार-पाच दिवस तीवर खडबडीत गोणपाट अंथरा आणि रोज बदला. वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. ओला, बुरशी आलेला भुसा वा तूस तर अजिबात नको, बुरशीने फुप्फुसं धरली की पिल्लू चोच उघडून धापा टाकतं आणि मग औषधाचा उपयोग होत नाही.

सोबत मिळणारं पाण्याचं भांडं ब्रॉयलरच्या मापाचं. बँटम त्यात भिजतं आणि गारठून मरतं. कडेच्या खाचेत स्वच्छ गोट्या भरा. खाद्य स्टार्टरच, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं, २० ते २२ टक्के प्रथिनांचं, आणि मिक्सरमधून थोडं बारीक केलेलं. लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं खराब होतात.

‘५० पिल्लं’ हा दावा पहिल्या आठवड्यापुरता खरा. पुढे २५-३०, तिसऱ्या आठवड्यानंतर १५-२०. घुमटासारखं डोकं असलेल्या सिल्कीच्या कवटीला वर फट असते. तिथे चोच बसली तर जीव जातो, म्हणून इतर जातींबरोबर ठेवूच नये.

काही आजारांत पेटीचा दोष नसतो. शी चिकटून मागची जागा बुजली तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा, ओढू नका. आणि पोटावरची वाळलेली नाळ म्हणजे शी नव्हे, ती उपटली की पिल्लू गेलंच. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पंख पाडून बसणं आणि विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवणीवरचं औषध, अँप्रोलियम २० टक्के पावडर, पिण्याच्या पाण्यात लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, रोज ताजं पाणी. मग पाव मात्रा आणखी आठवडाभर. त्या काळात बी-१ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक बंद, नाहीतर औषध निकामी होतं. अनेक पिल्लांना पांढरी हगवण लागून भराभर मरतूक होत असेल तर पुलोरम हा जिवाणूंचा रोग असू शकतो. तो मुख्यतः अंड्यातून येतो, पेटी बदलून फरक पडणार नाही. अशा वेळी ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि त्याच दिवशी औंधच्या पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात तपासणीला न्या.