गाडी ब्रोकरकडून लावायची, ट्रान्सपोर्टकडून की थेट मालकाकडून?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नवीन युनिट टाकलेले लोक हमखास विचारतात, माल बाहेरगावी पाठवायचाय तर ब्रोकरला फोन करू, ट्रान्सपोर्ट कंपनीला देऊ की ओळखीचा गाडीवाला धरू. बरेच जण तीन ठिकाणी रेट विचारतात आणि स्वस्त तो धरतात. माझं म्हणणं, आधी बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) कुणाच्या नावाची फाटणार ते बघा, रेट नंतर.

ब्रोकरची स्वतःची गाडी नसते, असली तर एखाददुसरी. त्याच्याकडे असतात फोन नंबर. हरियाणाची गाडी कोल्हापुरात खाली झालीय, तिला रिटर्न भाडं पाहिजे, आणि तुमचं कास्टिंग (ओतीव माल) फरीदाबादला जायचंय, ही गाठ मारून द्यायचं कमिशन तो गाडीवाल्याकडून घेतो, शिवाय तुम्हाला सांगितलेला रेट आणि गाडीवाल्याला दिलेला रेट यातला फरकपण बऱ्याचदा त्याच्याच खिशात. रिकामं परत जाण्यापेक्षा गाडीवाला कमी भाड्यात तयार होतो म्हणून ब्रोकरचा रेट स्वस्त पडतो. दिवाळीत ड्रायव्हर गावी गेले की मात्र तोच ब्रोकर सांगेल तो रेट.

फोन साधारण असा असतो. "दादा, 16 टन फरीदाबाद, उद्या संध्याकाळी भरायचंय." "ओपन का कंटेनर?" "ओपन, ताडपत्री चांगली पाहिजे." "अर्ध्या तासात सांगतो." मग व्हॉट्सॲपवर गाडी नंबर येतो. तो लगेच एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून फिटनेस, इन्शुरन्स, परमिट बघा, आणि गाडी गेटवर आली की आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्याशी जुळवा. अजून एक, तुमच्या ब्रोकरकडे गाडी नसली तर तो दुसऱ्या ब्रोकरकडून घेतो, म्हणजे मध्ये दोन हात. सरळ विचारा, गाडी तू लावतोयस का पुढून घेतोयस.

ट्रान्सपोर्ट कंपनी महाग वाटते, पण दोन टनाच्या पार्ट लोडला (पूर्ण गाडी न भरणाऱ्या मालाला) दुसरा शहाणा पर्याय नाही. माल त्यांच्या गोडाऊनला जातो, दुसऱ्या गाडीत चढतो, उशीर होतो, पॅकिंग कच्चं असेल तर मार बसतो, पण बिल्टी त्यांची, ऑफिस जागेवर, वर महिन्याभराची उधारी. फुल लोडला गंमत अशी की बऱ्याच ट्रान्सपोर्ट कंपन्या गाडी त्याच ब्रोकरकडून उचलतात! मग जास्तीचे पैसे कशाचे? त्या बिल्टीचे.

आणि ते पैसे कधीकधी वसूल होतात. 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात कॉमन कॅरियरच्या (भाडं घेऊन कुणाचाही माल नेणाऱ्याच्या) व्याख्येत ब्रोकरपण येतो, त्याला रजिस्ट्रेशन लागतं, पण कितीतरी जण नुसत्या चिठ्ठीवर गाडी सोडतात. नियमाप्रमाणे कॅरियरची जबाबदारी भाड्याच्या 10 पटीपर्यंतच, जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल तर. म्हणजे माल 12 लाखाचा, भाडं 60 हजार, तर मर्यादा 6 लाख. दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस लागते. ट्रान्झिट इन्शुरन्स असला तरी विमा कंपनी बिल्टी मागणार आणि कॅरियरवर क्लेम टाकला का विचारणार, तेव्हा चिठ्ठी दाखवून काय होणार?

पैशाचं पण बघा. ब्रोकरच्या गाडीला भरतानाच 80 टक्के, कधी 90 टक्के ॲडव्हान्स मागतात, बाकी पोच (माल मिळाल्याची सही) आल्यावर. आमच्या एका लोडला ब्रोकरने ॲडव्हान्स घेतला आणि ड्रायव्हरला डिझेलपुरतेच पैसे दिले, गड्याने धुळ्याच्या पुढे ढाब्यावर गाडी लावली आणि फोन आम्हाला. भाडं भरलेलं, माल अडकलेला, आणि ब्रोकर म्हणतोय बघतो साहेब. तेव्हापासून ॲडव्हान्स गाडीमालकाच्याच खात्यावर, ब्रोकरचं कमिशन वेगळं. चांगला ब्रोकर याला नाही म्हणत नाही.

थेट मालक म्हणजे रोजच्या लाईनला सोनं. चाकणला आठवड्यातून तीनदा माल जात असेल तर 19 फुटी आयशरवाला एकच धरा, ड्रायव्हर पार्टीचं गेट ओळखतो, हमाली-वाराईची (माल चढवण्या-उतरवण्याच्या पैशाची) कटकट तोच मिटवतो. फक्त त्याची गाडी गॅरेजला गेली की तुम्ही परत ब्रोकरच्याच दारात, त्यामुळे एक ब्रोकर नेहमी राखून ठेवायचा.

ॲपवर (ब्लॅकबक, वाहक वगैरे) मी मुख्यतः रेटचा अंदाज घेतो. गावातल्या गावात छोटा हत्ती पाहिजे असेल तर ठीक आहे.

म्हणजे पार्ट लोड आणि महागडा माल ट्रान्सपोर्टला, रोजची लाईन मालकाला, आणि अधूनमधून लागणारा लांबचा फुल लोड ब्रोकरला, पण रजिस्ट्रेशन असलेल्या आणि स्वतःच्या नावाची बिल्टी देणाऱ्यालाच. ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) कुठूनही सुटत नाही, मालाची किंमत राज्याबाहेर 50 हजाराच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वर असली की लागतंच. वाटेत गाडी बदलली तर त्याचा पार्ट बी (गाडी नंबरचा भाग) नवीन नंबरने भरावा लागतो, आणि ब्रोकर हे सांगायला विसरतो म्हणून ड्रायव्हरचा नंबर तुमच्याकडे हवाच. हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) किती दिवसांनी चालू आणि दिवसाचे किती, हे गाडी भरायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, फोनवर नको.