धुण्याने चामडं सोलत नाही: सायकलिंग ग्लोव्हजमधली फसवणूक

अर्ध्या बोटांचे सायकलिंग ग्लोव्हज. वर्णनात लिहिलं होतं, ‘अस्सल बकरा लेदर, हाताने धुता येतात’. किंमत 1,850 रुपये, परत करायची मुदत सात दिवस. महिनाभर रोज वापर झाल्यावर घामाचा वास यायला लागला म्हणून आतल्या लेबलवरच्या सूचनेप्रमाणे साध्या पाण्यात धुतले. पहिल्या धुण्यात काही झालं नाही. दुसऱ्या धुण्यानंतर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बारीक फोड दिसले. पुढच्या राइडला तळव्याची काळी सालपटं हँडलबारच्या टेपला चिकटून निघू लागली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘लेदर चुकीच्या पद्धतीने धुतलं आहे. गरम पाणी किंवा डिटर्जंट वापरलं असणार. बदलून मिळणार नाही.’

हे उत्तर पटतं, कारण चामड्याला पाणी लागू द्यायचं नाही असंच आपण ऐकत आलेलो असतो. फसवणूक नेमकी इथे लपते. माल खोटा आहे हे धुण्याने उघडं पडतं, आणि दोष धुणाऱ्याच्या माथी मारला जातो. म्हणून चामडं कसं धुवायचं आणि धुतल्यावर खरं चामडं कसं वागतं, हे दोन्ही माहीत असायला हवं. नाहीतर विक्रेत्याला उत्तर देता येत नाही.

त्या जोडीचा तळवा शिवणीजवळ दोन सेंटिमीटर उसवून पाहिला. वर काळा, पातळ, गुळगुळीत थर होता आणि त्याखाली पांढरं विणलेलं कापड, ज्याचे फासे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. चामड्याच्या कोणत्याही थरात विणलेले फासे नसतात. ते पीयू होतं, म्हणजे पॉलियुरेथेन. बोलीत आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो त्यातलाच प्रकार.

पीयूची साल का निघते? पॉलियुरेथेनचे रेणू ओलाव्याने हळूहळू तुटतात. उष्णता असेल तर वेग वाढतो. स्वस्त मालात पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन असतं आणि त्याला हा रोग जास्त. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तर न वापरता कपाटात ठेवलेला पीयूचा पट्टा किंवा बूटही काही वर्षांत चिकट होतो, मग सोलतो. ग्लोव्हजमध्ये त्यावर घाम, घडी आणि हँडलचं घर्षण यांची भर पडते. म्हणजे धुतलं नसतं तरी तो तळवा गेलाच असता, फक्त थोडा उशिरा.

आता विक्रेत्याचा ‘गरम पाणी’ हा मुद्दा घेऊ. ग्लोव्हजचं चामडं बहुतेक वेळा क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं, आणि चांगलं क्रोम चामडं उकळत्या पाण्याच्या आसपासचं तापमान येईपर्यंत आकसत नाही. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं साधारण 75 ते 85 अंश सेल्सियसला आकसतं. या मर्यादेपलीकडे गेलं तरी चामडं आकसतं, कडक होतं, सुकलेल्या पापडासारखं वाकडं होतं. पण त्याची कापडावरून साल निघत नाही, कारण तिथे कापडच नसतं. चुकीच्या धुण्याने झालेलं नुकसान आणि खोट्या मालाचं नुकसान वेगळं दिसतं, आणि ते सिद्ध करता येतं.

खऱ्या चामड्याचं धुण्यात नुकसान होतं ते तेलामुळे. कमावल्यावर चामड्याच्या तंतूंमध्ये तेल मुरवलेलं असतं. तेच तंतूंना एकमेकांवर सरकू देतं, म्हणून चामडं मऊ लागतं. कपड्यांच्या पावडरीचं पाणी अल्कधर्मी असतं आणि ते हे तेल ओढून घेतं. तेल गेलं की वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात आणि तळवा पुठ्ठ्यासारखा होतो. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं तर हे जास्तच होतं. अनेक पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. चामडं स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे त्या पावडरी लांब ठेवलेल्या बऱ्या. ब्लीचिंग तर अजिबात नको. ते चामडं खातं आणि ग्लोव्हच्या पाठीवरचं लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापडही.

धुण्याची पद्धत अशी. बादलीत दोन लिटर साधं पाणी घ्यायचं, 30 अंशांच्या आत. आपल्याकडे नळाचं पाणी बहुतेक महिने चालतं. त्यात एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, बेबी शाम्पू किंवा लोकरीचे कपडे धुण्याचं सौम्य द्रव घालायचं. वेल्क्रो आधी बंद करायचं. उघडं राहिलं तर त्याचे आकडे क्रोशेची जाळी किंवा लायक्रा ओढून धागे काढतात. मग ग्लोव्हज हातात घालायचे आणि पाण्यात हात धुतो तसे तळवे एकमेकांवर हलके चोळायचे. बोटांमधल्या पट्ट्या आणि अंगठ्यावरचं टॉवेलचं कापड यात घाम साठतो, तिथे जरा जास्त वेळ द्यायचा. एकूण तीन-चार मिनिटं पुरतात. भिजत घालायचं नाही. जास्त वेळ भिजलं की तळव्यातल्या जेल पॅडचा गोंद सुटतो आणि पॅड एका बाजूला गोळा होतं.

दोन-तीन पाण्यांत खळबळून फेस पूर्ण काढायचा. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटच्या एक लिटर पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालावं. क्रोम चामडं मुळात आम्लधर्मी असतं, त्याला हे मानवतं आणि क्षारांचा पांढरा थरही कमी बसतो. ग्लोव्हज हातातून काढताना बोटांची टोकं धरून ओढायचं नाही. मनगटाची कडा उलटी करून सोलल्यासारखे काढायचे, किंवा बोटांमध्ये लूप असतील तर ते धरून. पिळायचं तर नाहीच. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, पाणी टॉवेल पितो.

वाळवणं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, तळवा बाहेरच्या बाजूला ठेवून. कोरड्या दिवसांत एक दिवस लागतो, पावसाळ्यात दीड-दोन. अर्धवट ओले असताना एकदा हातात घालून मुठी चार-पाच वेळा उघडझाप करायच्या. हे काम टाळू नका. वाळता वाळता तंतू हलते राहिले तर चिकटत नाहीत, आणि तळवा तुमच्या हाताच्या मापाला बसतो. थोडीशी ओल राहिली असताना प्रत्येक तळव्याला वाटाण्याएवढं लेदर क्रीम बोटाने लावायचं आणि पंधरा मिनिटांनी कोरड्या सुती फडक्याने जादाचं पुसून घ्यायचं. सायकलच्या सीटसाठी मिळणारं घट्ट मेण इथे चालत नाही. ते जाड चामड्यासाठी असतं, ग्लोव्हजचं चामडं बहुधा अर्धा ते पाऊण मिलिमीटरचंच असतं.

राइडनंतर ओल्या फडक्याने घामाचा क्षार पुसला तर पूर्ण धुणं दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतं. घाम तसाच ठेवला तर जिवाणू त्यात अमोनिया तयार करतात, आणि मग तो घामच अल्कधर्मी होऊन चामडं खराब करतो. वास येणं हे केवळ अस्वच्छतेचं लक्षण नाही, चामडं खराब होत असल्याचंही आहे.

एवढं नीट केलं तरी खऱ्या चामड्यात काही गोष्टी होतात, आणि त्या फसवणूक समजू नयेत. पहिल्या एक-दोन धुण्यांत काळा किंवा लाल रंग पाण्यात उतरतो. वाळल्यावर तळवा पहिल्या दिवशी थोडा ताठ लागतो आणि हातात घातल्यावर दहा मिनिटांत सैल होतो. घामाच्या कडेने पांढरट रेघ येते. जिथे हँडल घासतं तिथला रंग उडतो आणि खाली तपकिरी किंवा निळसर, लवदार चामडं दिसतं. यातल्या कशासाठीही विक्रेत्याशी भांडू नका.

भांडायचं ते या लक्षणांवर. साल निघून खाली विणलेलं कापड दिसलं, तर ते पीयू. साल निघाली पण खाली केसाळ चामडंच दिसलं, तर चामड्याच्या खालच्या थरावर, म्हणजे स्प्लिटवर, प्लॅस्टिकचा थर दिलेला आहे. त्याला लेदर म्हणून विकतात, पण शेळीच्या वरच्या कातड्याची किंमत घेऊन स्प्लिट दिलं असेल तर तीही फसवणूकच. आणि तळवा भाकरीच्या कडेसारखा चुरा होत असेल, तर ते बॉन्डेड, म्हणजे चामड्याचा भुसा गोंदाने थापून केलेलं पान. युरोपीय संघात बुटांवर यासाठी चित्रं छापावी लागतात. कातड्याच्या आकाराचं चित्र खऱ्या चामड्यासाठी, त्याच चित्रात शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोन असेल तर थर दिलेलं चामडं, नुसता तिरका चौकोन म्हणजे इतर काही. हा नियम फक्त पादत्राणांसाठी आहे. ग्लोव्हजवर असं चित्र दिसलं तर त्याला पुरावा मानू नका.

सिंथेटिक म्हणजे वाईट, असं अजिबात नाही. जपानच्या कुरारे कंपनीचं अमारा हे कृत्रिम स्वेड, म्हणजे लवदार चामड्यासारखं दिसणारं कापड, अनेक चांगल्या ग्लोव्हजच्या तळव्याला असतं. ते धुवायला सोपं आहे आणि पटकन वाळतं. पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याने तेच घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. फसवणूक मालात नाही, ‘लेदर’ या शब्दात आहे.

पार्सल आल्यावर सात दिवसांच्या आत, न धुता, न चालवता पुढच्या तपासण्या कराव्यात. पहिली मनगटाच्या कडेची. जिथे चामडं कापून शिवलेलं असतं तिथे कापलेली कड दिसते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने पाहा. चामड्यात वरपासून खालपर्यंत गुंतलेले तंतू दिसतात, पीयूमध्ये वर फेसासारखा थर आणि खाली कापड अशी स्पष्ट सीमा दिसते. दुसरी तपासणी पृष्ठभागाची. शेळीच्या कातड्यावर केसांची छिद्रं छोट्या गटांनी असतात आणि जागोजागी कमी-जास्त. छापलेला नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो, दोन्ही तळवे शेजारी ठेवले की तो लगेच ओळखू येतो. तिसरी, कापलेल्या कडेला पाण्याचा एक थेंब. चामड्याची कड थेंब शोषून गडद होते. हा थेंब तळव्यावर टाकून उपयोग नाही, कारण रंगाचा थर दिलेलं खरं चामडंही पाणी शोषत नाही. चौथी तपासणी शिवणीच्या आतला केसाएवढा तंतू चिमट्याने काढून जाळण्याची. जळलेल्या केसांचा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर चामडं. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिक.

वासावर विसंबू नका. लेदरचा वास फवाऱ्याच्या बाटलीत मिळतो.

आणि बिल उघडा. हे बहुतेकांना सुचत नाही. जीएसटीच्या बिलावर एचएसएन क्रमांक, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा, छापलेला असेल तर त्याचे पहिले चार आकडे पाहा. चामड्याचे ग्लोव्हज 4203 मध्ये येतात आणि खेळासाठीचे 4203 21 मध्ये. बिलावर 6116 असेल तर तो फाशांनी विणलेल्या (निटेड) कापडाचा ग्लोव्ह आहे, प्लॅस्टिकचा थर दिलेलाही त्यातच येतो. 6216 म्हणजे मागावरच्या कापडाचा, 3926 म्हणजे प्लॅस्टिकचा. जाहिरातीत ‘बकरा लेदर’ आणि बिलावर 6116, ही विसंगती विक्रेत्याच्याच कागदावर असते. त्याला धुण्याचं कारण पुढे करता येत नाही.

याच धंद्यात आणखी एक जोडफसवणूक चालते. ग्लोव्हजबरोबर ‘नॅनो लेदर प्रोटेक्टर’ नावाची शंभर मिलीची बाटली गळ्यात मारतात आणि ती वापरली नाही तर वॉरंटी नाही असं सांगतात. अशा बाटलीत सिलिकॉन किंवा खनिज तेल असलं, तर ते लावल्यावर तळवा दोन दिवस चमकतो, पण त्यासोबत पकडही जाते. उतारावर ब्रेक दाबताना तळवा हँडलवरून सरकणं हा जिवाचा प्रश्न आहे. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती तळव्याला लावूच नका. ‘लेदर नवं करून देतो’ म्हणणाऱ्यांकडूनही नुसता रंग फवारून मिळतो. परत घेताना ओलं पांढरं फडकं तळव्यावर दहा वेळा घासा. फडकं काळं झालं तर तो रंग तुमच्या टेपवर आणि घामेजलेल्या चेहऱ्यावर जाणार.

तक्रार करताना क्रम पाळा. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट आधी, कारण ते बदलतं. मग पाकिटावरचं लेबल: उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीचा संपर्क. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे हे सगळं हवं. यातलं काही नसेल तर तोच एक स्वतंत्र मुद्दा. मग उसवलेल्या कडेचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. विक्रेत्याला लिहिताना ‘खराब निघाले’ असं लिहू नका. ‘जाहिरातीत लेदर म्हटलं होतं, तळवा कापडावर पीयू थर आहे’ असं लिहा. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. सात दिवसांची मुदत ही मन बदललं तर परत करण्यासाठी असते, खोट्या मालाला तिचं संरक्षण नाही. खरेदी ज्या ऑनलाइन बाजारातून झाली त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

तिथे दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. त्यापुढे तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीत असला तरी तक्रार तुमच्या जिल्ह्यात चालते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तोपर्यंत ती जोडी फेकू नका, पुन्हा धुऊ नका, आणि निघालेली सालपटं कागदात गुंडाळून तिच्यासोबतच ठेवा.