दावीद की हिस्लॉप? मुलासमोर आधी कोणाला ठेवावं

मुलगा संडे स्कूलला जातो, पण भिंतीवर फक्त क्रिकेटपटू. मग आईबाबा विचारतात: बायबलमधला वीर दावीद द्यावा, की नागपुरात राबलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप?

तयारी दावीदासाठी कमी लागते. बायबलमधल्या 1 शमुवेल 17 या अध्यायात 58 वचनं, दहा-बारा मिनिटांत मोठ्याने वाचून होतात. राक्षसी देहाच्या गल्याथाशी लढायला जाताना शौल राजाने दिलेली शस्त्रसामग्री दावीदाने उतरवली आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलले. इथे थांबून पाच गोटे मुलाच्या हातात द्या. हिस्लॉपची गोष्ट तुम्हालाच जुळवावी लागते: 1845 मध्ये नागपुरात आला, शाळा चालवली, गोंडांची गाणी टिपली, जीवाश्म जमवले, 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात बुडाला.

चूक दावीदातच जास्त होते. गोष्ट गल्याथाला हरवण्यापाशी थांबली, तर देव जिंकणाऱ्याचाच असतो असं मुलाला वाटतं. बाराव्या-तेराव्या वर्षी 2 शमुवेल 11-12 आणि स्तोत्र 51 वाचाच. राजा झालेल्या दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला मारवलं; नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं, राजाने पाप कबूल केलं; मुलग्यांना हा दावीद फार गरजेचा आहे. हिस्लॉपला मात्र निष्कलंक संत करू नका.

लहान, भित्र्या मुलाला दावीद. विज्ञानाची ओढ असलेल्या, श्रद्धेवर प्रश्न विचारणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला हिस्लॉप.