मुख्यमंत्री थेट निवडायचा? हात वर करण्याआधी हे बघा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चर्चा असते. या रविवारचा विषय आहे, मुख्यमंत्री आमदारांनी ठरवावा की सरपंचासारखा थेट जनतेनं निवडावा. शेवटी हात वर करून मत घेतात. बऱ्याच जणांचं आधीच ठरलंय, आणि ठरलंय ते ‘थेट’ असंच. राग समजण्यासारखा आहे. २०१९ साली आपण निवडून दिलेल्या एकाच विधानसभेत तीन जणांनी मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली, त्यातली पहिली तर भल्या सकाळी. मग पारावर बसलेला माणूस म्हणणारच, ‘आमच्या मताला काय किंमत राहिली?’

तरीही, अजून ठरलं नसेल त्यांच्यासाठी दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघतो. आत्ताची पद्धत संसदीय. आपण आमदार निवडतो, सभागृहात ज्याच्यामागे बहुमत तो मुख्यमंत्री, आणि बहुमत गेलं की खुर्ची गेली. दुसरी अध्यक्षीय, अमेरिकेसारखी. प्रमुखाला लोक थेट निवडतात, त्याची मुदत ठरलेली, सभागृहाचं बहुमत त्याच्या बाजूनं असो वा नसो.

अमेरिका लांब राहिली, या दोन्ही पद्धती आपल्या गावात वापरून झाल्यात. २०१७ पर्यंत सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा. त्या वर्षी तो थेट झाला, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांकडे गेला आणि २०२२ मध्ये परत थेट. पाच वर्षांत तीनदा नियम फिरला.

जुन्या पद्धतीतला आमच्या गावचा एक कार्यकाळ मला चांगला आठवतो. नऊ सदस्य, पाच विरुद्ध चार. अविश्वास ठरावाची नोटीस तहसीलदाराकडे गेली की पाचातला एक जण देवदर्शनाला निघायचा. तिरुपतीला जायचा, फोन बंद, आणि बैठकीच्या दिवशीच जीपमधून उतरायचा. सरपंचाचा निम्मा वेळ ‘आपली’ माणसं सांभाळण्यात जायचा. नालीचं काम गरज बघून व्हायचं नाही, कोण रुसलाय ते बघून व्हायचं. पण याच भीतीनं एक चांगलीही गोष्ट घडली. एका उन्हाळ्यात टँकरच्या खेपा कागदावर जास्त आणि विहिरीत कमी दिसायला लागल्या. पाचवा सदस्य बैठकीत म्हणाला, ‘हिशोब लावा, नाही तर मी चाललो.’ आठवड्याच्या आत फलकावर खेपांची यादी लागली.

थेट सरपंच आला तेव्हा देवदर्शनाच्या सहली थांबल्या, हे मान्यच करायला हवं. पण सरपंच एका पॅनलचा आणि नवातले सहा सदस्य दुसऱ्या पॅनलचे. बैठक बोलवावी तर गणपूर्ती नाही, तहकूब. ठराव मांडला तर सहा हात विरोधात. तो म्हणायचा, मला गावानं निवडलंय. ते म्हणायचे, आम्हालाही गावानंच निवडलंय. दोघांचंही खरं होतं, पंचाईत तिथंच होती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, यांचं असंच बिनसतं तेव्हा सरकारी कचेऱ्यांचे पैसे अडकतात. डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस तिथल्या केंद्र सरकारचा बराच कारभार बंद होता. संसदीय पद्धतीत हा घोळ सहसा होत नाही, कारण अर्थसंकल्प पडला की सरकारच पडतं. भांडण लांबत नाही, निकाल लागतो.

निवडायचं कसं यावर सगळे तावातावानं बोलतात. उतरवायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही. मधल्या काळात आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि तेवढ्यानंही भागत नाही. खास ग्रामसभेत गुप्त मतदानानं गावाची संमती लागते. मला ही तरतूद पटते. ज्यांनी बसवलं त्यांनाच उतरवताना विचारलं जातं. पण मुख्यमंत्री थेट निवडला तर ही ग्रामसभा कुठं भरवणार? सव्वा अकरा कोटींची लोकसंख्या तर २०११ च्या जनगणनेतच होती. तिथं हाती राहतो महाभियोग, म्हणजे सभागृहात खटला चालवून प्रमुखाला काढणं, आणि त्याचा इतिहास फारसा धीर देणारा नाही. अमेरिकेत १८६८ पासून तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग चालला, सिनेटनं, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहानं, एकदाही दोषी ठरवलं नाही. निक्सन गेले ते १९७४ मध्ये राजीनामा देऊन.

बाबासाहेबांनी घटना समितीत हाच मुद्दा मांडला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ते म्हणाले की कार्यकारी सत्ता स्थिरही हवी आणि जबाबदारही, पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात मिळवून देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते, आणि घटनेच्या मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलंय. मुदतीअंती लोक हिशोब घेतातच, पण संसदीय पद्धतीत तो रोजही घेतला जातो, प्रश्न विचारून, ठराव मांडून. हे दिल्लीत बोललं जात होतं तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून जेमतेम सात आठवडे झाले होते. ज्याला जाब विचारता येत नाही असं स्थिर सरकार आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान् पिढ्या बघितलं होतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मी संसदीय पद्धतीची वकिली करतोय. आता तिचं दुखणं सांगतो, आणि तेही घरचंच. मराठवाड्यानं चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. शंकरराव आणि विलासराव दोन-दोनदा त्या खुर्चीत बसले. एकालाही सलग पाच वर्षं मिळाली नाहीत, आणि एकालाही विधानसभेनं मतदान करून काढलं नाही. विलासरावांचंच बघा. जून २००२ मध्ये आमदारांची पळवापळवी होऊनही त्यांनी सभागृहात विश्वासदर्शक ठराव जिंकला. ज्याला सभागृहानं राखलं, तोच माणूस जानेवारी २००३ मध्ये पक्षश्रेष्ठींच्या निर्णयानं पायउतार झाला. पुस्तकात लिहिलंय की मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. चालत आलंय ते असं की मुख्यमंत्री दिल्लीला जबाबदार.

दुसरं दुखणं व्हिपचं, म्हणजे मत कसं द्यायचं हे बजावणाऱ्या पक्षाच्या आदेशाचं. १९८५ च्या पक्षांतरबंदीनं आमदार सुटा फुटायचा थांबेल असं वाटलं होतं. झालं असं की सुट्या आमदाराला स्वतःचं मत उरलं नाही, आणि फुटणारे ठोक भावानं फुटायला लागले. जून २०२२ मधल्या शिवसेनेच्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांचा अपात्रतेचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. तोवर त्या विधानसभेचं एक वर्षसुद्धा शिल्लक नव्हतं. सभागृह सरकारला लगाम घालतं म्हणावं, तर स्वातंत्र्यापासून संसदेत खासदारांची खासगी विधेयकं फक्त १४ मंजूर झाली, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. बाकी सगळे कायदे सरकार आणतं आणि सरकारचंच बहुमत ते मंजूर करतं.

मंत्र्यांच्या लायकीचा मुद्दा अध्यक्षीय बाजू नेहमी काढते. तिथं जाणकार माणूस बाहेरून आणता येतो, इथं जिल्हा, जात आणि गट बघून खाती वाटली जातात. बरोबर आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मराठवाड्याच्या सोयीचं काय, हा प्रश्न मात्र रविवारी कुणीतरी नक्की काढावा. विधानसभेच्या २८८ जागांपैकी आपल्या आठ जिल्ह्यांत ४६ आहेत. बहुमत काठावर असतं तेव्हा ४६ आमदारांचं वजन पडतं. ते वजन किती वेळा पाण्यासाठी वापरलं आणि किती वेळा मंत्रिपदासाठी, हा वेगळा विषय. थेट निवडणुकीत उमेदवार मतं मोजतो, आणि मुंबई-पुणे-नाशिकचा पट्टा धरला की निम्मं काम होतं. आपल्याकडे एखाद-दुसरी सभा घेऊन तो परत जाईल, अशी मला भीती आहे.

आमदारही राहू द्या आणि मुख्यमंत्रीही थेट निवडा, असा मधला मार्ग काही जण सुचवतात. इस्रायलनं तो चालून बघितलाय. १९९६, १९९९ आणि २००१ मध्ये तिथं पंतप्रधान थेट निवडला गेला. लोकांनी एक मत पंतप्रधानाला दिलं आणि दुसरं आपापल्या छोट्या पक्षाला. सभागृहाचे आणखी तुकडे झाले आणि तीन निवडणुकांनंतर ती पद्धत गुंडाळली गेली.

मला जर्मनीचा उपाय जास्त जवळचा वाटतो. तिथं चॅन्सेलरवर, म्हणजे सरकारच्या प्रमुखावर, अविश्वास आणायचा तर त्याच ठरावात पर्यायी चॅन्सेलर निवडावा लागतो. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. पाडायला २७० जमले, नवं सरकार उभं करायला कुणालाच जमले नाहीत, आणि देशाला पुन्हा निवडणूक घ्यावी लागली.

माझा हात ‘थेट’साठी वर जाणार नाही. सरपंच थेट असू द्या, त्याच्यासमोर ग्रामसभा आहे. मुख्यमंत्री सभागृहातूनच यावा, पण पर्याय दिल्याशिवाय अविश्वास नको, आणि अपात्रतेच्या निकालाला महिन्यांत मोजलेली मुदत हवी. तुमचं मत वेगळं असेल तर रविवारी पाचला या. ‘थेट’वाल्यांना मी विचारणार आहे, दुसऱ्याच वर्षी गडी बिघडला तर पुढची तीन वर्षं काय करायचं? आणि माझ्या बाजूच्या कुणी सभागृहाच्या अधिकारावर फार लांबण लावली, तर त्याला एवढंच विचारा की विलासरावांना उतरवलं कुणी.